खिशातली घंटी

सकाळच्या सुट्टीत व्हर्ना बोयकोने दुकानातल्याच कॉफीच्या काउंटरवर एक डोनट घेतला, फोन मशीनला टेकवला आणि पहिला घास तोंडात असतानाच तो फोन हातात थरथरला. घरून लॉर्नचा निरोप होता. 'मेपलचा डोनट? आणि डॉक्टरांना काय सांगणार?' पुढे एक हसरं पिवळं तोंड. व्हर्नाही हसली, निदान ओठ तरी तसे हलले. पण घास खाली उतरेना. घर तिथून बसने बरंच दूर, डोंगरावरच्या वस्तीत. तिथे स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तिचा नवरा पायमोजे घालून बसला असणार, समोर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, आणि त्याच्या खिशात घंटी वाजली असणार : तुमच्या बायकोने डोनट घेतला. लॉर्न साधा माणूस. सगळं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं, निवृत्त झाल्यापासून दिवस अंगावर येतो म्हणतो. बायको काय घेते, कुठे आहे, हे फोनवर कळायला लागल्यापासून त्याला करमायला लागलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण मागून कुणीतरी मानेवर अलगद हात ठेवावा तसं तिला झालं होतं. हात ओळखीचा, प्रेमाचाही. तरी तो उचलला जावा म्हणून ती खांदे आक्रसून थांबून राहिली. उरलेला डोनट तिने कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. टाकताना मनात आलं, हे मात्र त्याला कळणार नाही. आणि एवढ्यावर समाधान वाटलं याचीच तिला भीती वाटली.

ही जोडणी तिने स्वतः करून घेतली होती. हॅमिल्टन शहरभर आठ-दहा दुकानं असलेल्या त्या सुपरमार्केटने नाताळच्या आधी सगळीकडे फोनने पैसे घेणारी यंत्रं बसवायचं ठरवलं, तेव्हा मॅनेजर सॅल कास्टेलानोने तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं, की प्रत्येक दुकानातून एक माणूस पुढे करायचा आहे, इतरांना शिकवायला, आणि आपल्याकडून तूच. व्हर्ना म्हणाली होती, माझं वय बघ. सॅल म्हणाला, म्हणूनच. तुला जमलं तर सगळ्यांना जमेल असं गिऱ्हाइकांना वाटेल. मग मुख्य कचेरीतून मारिसा नावाची तरतरीत बाई आली. प्रत्येक काउंटरवर करड्या आवरणाखाली झाकलेली यंत्रं बसली, दारावर निळे स्टिकर लागले. मारिसाने सगळ्या कॅशियर बायकांना ओळीत उभं करून लुटुपुटूची खरेदी करायला लावली. मशीनवर बोट ठेवू नका, गिऱ्हाईकाचा फोन हातात घेऊ नका, फक्त हसा आणि हाताने खुणावा. पैसे घेताना गिऱ्हाईकाचा फोन हातात घेतला तर नोकरी जाईल, हे तिने दोनदा सांगितलं. व्हर्नाच्या छातीवर बिल्ला आला : 'फोनने पैसे कसे द्यायचे? मला विचारा.' लोक विचारत. म्हाताऱ्या पोलिश बायका विचारत, बटण दाबायचं नाही तर त्याला कळतं कसं? व्हर्ना सांगे. सांगताना तिला आपण हुशार असल्यासारखं वाटे. ही भावना तिच्या वाट्याला फारशी आली नव्हती. घरच्या सरावासाठी म्हणून तिने दोघांच्या खात्याला आपला फोन जोडला, लॉर्नच्या फोनवर निरोप जातील अशी खूण केली, आणि त्या रात्री दोघं जेवणाच्या टेबलाशी दोन पोरांसारखी हसत बसली होती.

सुट्टी संपवून ती काउंटरवर परत आली. हात चालत होते : पाव, अंडी, दुधाच्या पिशव्या, सटासट मशीनच्या लाल डोळ्यासमोरून. पूर्वी पैसे हातात यायचे. एकोणीस वर्षांची असताना ती या दुकानात लागली, तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकाने शिकवलं होतं, सुटे पैसे काउंटरवर ठेवायचे नाहीत, माणसाच्या तळव्यावर ठेवायचे. तेव्हापासून तळवेच तळवे. कारखान्यातल्या माणसांचे काळवंडलेले, धुणी धुऊन सुरकुतलेले, घामेजलेले, कधी थरथरणारे. आता फोन पुढे येत होते, काचा पुढे येत होत्या, आणि तिचा हात जुन्या सवयीने मधेच उघडून तसाच रिकामा मिटत होता. त्याचं तिला फार वाईट वाटत नव्हतं. माणसांना घाई असते. पण आज दर खेपेला मशीन वाजलं की तिला वाटत होतं, हा आवाज इथे एक वाजतो आणि दुसरीकडे कुठेतरी अजून एक वाजतो. कुणाच्या खिशात, कुणाच्या टेबलावर. इतके दिवस तिने फक्त इथलाच ऐकला होता.

आणि मग तिला ग्लेंडा पिकरिंग आठवली, म्हणजे आठवलं ते ग्लेंडाने ठेवून दिलेलं चॉकलेट. ग्लेंडा पस्तिशीची असेल. गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी यायची ती व्हर्नाच्याच रांगेत. नवरा वेस घरोघरी तळघरातल्या हीटरची दुरुस्ती करायचा. अख्ख्या डोंगरावर त्याच्याइतका सभ्य माणूस नाही असं लोक म्हणत. एका नाताळच्या आदल्या दिवशी बोयकोंचा हीटर बंद पडला तेव्हा वेस जेवणावरून उठून आला होता आणि पैसे घ्यायला तयार झाला नव्हता. बूट दारात काढून, मोज्यांवर तळघरात उतरला होता. तो घरखर्चाला रोख देई, ग्लेंडा रोख मोजून देई, आणि मग तिच्या सामानात शेवटी एक काहीतरी वेगळं असे : केसांची क्लिप, एखादं मासिक, जांभळ्या कागदातलं चॉकलेट. 'हे वेगळं बांधा,' असं म्हणे. ते ती कोटाच्या आतल्या खिशात घाली. व्हर्नाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सगळ्याच बायका काहीतरी वेगळं बांधून घेतात.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दोघं मिळून आली होती. दाराशी मारिसाने मांडलेल्या टेबलामागे व्हर्ना बिल्ला लावून बसली होती. वेसने लक्षपूर्वक सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तिने काय घेतलं ते मला कळेल का? व्हर्नाने अभिमानाने सांगितलं होतं, लगेच कळेल, वस्तूच्या नावासकट, खिशातच घंटी वाजते म्हणा ना. 'वा,' वेस म्हणाला होता. ग्लेंडाकडे वळून म्हणाला, 'म्हणजे तुला पैसे बाळगायलाच नकोत.' ग्लेंडा हसली. व्हर्नाने तिच्या फोनवर सगळं करून दिलं, नवऱ्याचं नाव घातलं, खूण केली. फोनच्या आवरणावर बारीक पिवळे पक्षी होते. काम झाल्यावर वेसने व्हर्नाचे मनापासून आभार मानले.

त्यानंतरच्या गुरुवारपासून वेगळं बांधायचं काही उरलं नाही. मागच्या खेपेला ग्लेंडाने जांभळ्या कागदातलं चॉकलेट पट्ट्यावर ठेवलं, ते सरकत सरकत व्हर्नापर्यंत आलं, आणि व्हर्नाने उचलायच्या आत ग्लेंडाने ते उचलून मागे ठेवलं. 'नको,' ती म्हणाली होती, 'विचारेल.' व्हर्नाला तो शब्द तेव्हा नुसता ऐकू आला होता. आज डोनटचा घास घशात अडकला होता तेव्हा तो कळला. आणि आज गुरुवारच होता.

ग्लेंडा दुपारच्या सुमाराला आली. सामानाची गाडी न घेता, टोपलीही न घेता, सरळ. अंगात जाड कोट, पायांत बर्फातले बूट, खांद्याला नेहमीपेक्षा मोठी पिशवी. दुकानाच्या वरच्या मजल्यावर गुरुवारी दुपारी स्वयंपाकाचा वर्ग असे, त्यात तिने नाव घातलं होतं. नाताळासाठी लोणी-साखरेचे टार्ट शिकवणार होते. व्हर्नाच्या रांगेत कुणी नाही असं बघून ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'व्हर्ना, मला मदत हवी आहे. नाही म्हणालात तरी चालेल. पण नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा.'

व्हर्नाने काउंटरवर 'बंद'ची पाटी ठेवली आणि तिला घेऊन रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला गेली. ग्लेंडाने फोन तिच्या हातात ठेवला. सांगायचं ते तिने आधी घोकून आणलं असावं, इतकं ते सरळ आलं. हा फोन तिला नेता येत नाही. ती कुठे आहे ते तो वेसला दाखवतो. घरी ठेवला तर ती घरी आहे असं समजून वेस घरच्या फोनवर फोन करतो. पण दुकानात असली, आणि मधूनमधून काही घेतलेलं त्याला दिसत राहिलं, की तो निवांत असतो. फोन करत नाही. वर्ग पाचला सुटतो. तोवर कुणी तिच्या नावाने थोडं थोडं घेत राहिलं पाहिजे, ती नेहमी घेते तसंच. फोन उघडायचा आकडा म्हणजे तिच्या लग्नाची तारीख. ती तिने सांगितली.

'चाललीस कुठे?' व्हर्नाने विचारलं.

'ते तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, व्हर्ना. त्या शनिवारी टेबलाशी बघितलं ना मी. तो विचारत गेला आणि तुम्ही सगळं खरं खरं सांगत गेलात.'

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. उलट, त्याच भरवशावर ती आल्यासारखी वाटत होती. व्हर्नाला काहीतरी भक्कम हवं होतं, धरून उभं राहायला. तिने विचारलं, 'मारतो का तो तुला?'

ग्लेंडाने क्षणभर विचार केला, प्रामाणिकपणे, जणू एखादी वस्तू घरात आहे की संपली ते आठवावं तसं. 'नाही,' ती म्हणाली. 'सगळ्यांना तेच विचारायचं असतं. मारलं नाही कधी. मोजे घेतले तर संध्याकाळी जेवताना विचारतो, हे मोजे कुणासाठी? आवाज चढवत नाही. मी सांगते, माझ्यासाठी. मग तो म्हणतो, बरं. आणि मग माझ्याकडे बघत जेवतो.' तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. 'यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच?'

एवढंच. व्हर्नाच्याही मनात तो शब्द येऊन गेला होता. तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला. ग्लेंडाने तिचा हात धरला, दाबला, सोडला, आणि मागच्या दाराने, जिथे माल उतरवतात तिथून, ती बाहेर पडली. दार बंद होताना थंड हवेचा एक झोत आत आला, त्याला डिझेलचा वास होता.

आता व्हर्नाला ग्लेंडा व्हायचं होतं. तिने सॅलला सांगितलं की यंत्रं नीट चालतात का ते आज सगळ्या काउंटरवर फिरून बघते. सॅल म्हणाला, बघ बघ. तिने एक गाडी घेतली आणि निघाली. आधी चहा. ग्लेंडा चहा घेते, दोन साखरा. चहा हातात घेऊन तिने पिवळ्या पक्ष्यांचा फोन उघडला, परक्या बाईच्या लग्नाचा दिवस, महिना, वर्ष बोटांनी टिपलं आणि यंत्राला टेकवला. टिंग. इतक्या वर्षांत तिने अशी चोरटी गोष्ट कधी केली नव्हती. चहा तिने ओतून दिला. मग लोणी. मग ब्राउन शुगर. या रांगेतून इतक्या गुरुवारी ग्लेंडाचं सामान तिच्या हातांखालून गेलं होतं, की तिला त्या घराचं कपाट डोळ्यांसमोर दिसत होतं : कुठल्या पावाला हात लावत नाहीत, चीज कुठलं चालतं, वेससाठी मोहरीची कोणती बाटली. आपल्याला एवढं माहीत आहे आणि ती माणूस म्हणून कशी आहे ते काहीच माहीत नाही. आणि वेसला? त्याला तर आता प्रत्येक वस्तू कळते. मग तोही असाच एका कपाटाकडे बघत जेवत असेल.

तिला आपली आई आठवली. युक्रेनमधून आलेली, जाड पोटऱ्यांची, चार मुलांची आई. दर शुक्रवारी दुपारी ती कोट घालून घराबाहेर पडे आणि तासाभराने परत येई. बूट ओले असत. तळ्याकाठी गेली असावी. हातात काही नसे. मुलांनी खूप तर्क केले. मोठा भाऊ म्हणायचा, कुणी माणूस आहे. व्हर्नाने एकदा धीर करून विचारलं होतं, आई, तू कुठे जातेस? आई बटाटे सोलत होती. म्हणाली, 'कुठे नाही.' वडिलांनी कधी विचारलं नाही. ते रागीट होते, पिऊन आले की भांडी फेकत, पण शुक्रवारच्या त्या तासाबद्दल त्यांनी जन्मात विचारलं नाही. ते त्यांचं मोठेपण होतं की त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, हे व्हर्नाला अजून ठरवता आलेलं नव्हतं. आई गेल्यावर तिच्या वस्तूंत त्या तासाचं काहीही सापडलं नाही. तो तास तिने कुठेच ठेवला नव्हता, म्हणून तो पूर्ण तिचा होता.

सुक्या मेव्याच्या कप्प्याशी तिने पेकनची पिशवी घेतली, टार्टमध्ये घालायला, आणि जवळच्या काउंटरवर फोन टेकवला. तेवढ्यात मागून टाळी वाजली. मारिसा होती. 'हे बघा सगळ्यांनी,' ती इतर मुलींना म्हणाली, 'व्हर्ना नुसती शिकवत नाही, स्वतः वापरते.' तिने स्वतःचा फोन काढला, मुख्य कचेरीला पाठवायला एक फोटो हवा म्हणाली. व्हर्नाला नाही म्हणता आलं नाही. तिने बिल्ला सरळ केला, पिवळे पक्षी बोटांनी जमतील तेवढे झाकले आणि हसली. मारिसा म्हणाली, अजून थोडं मोकळं हसा. त्याच वेळी तो फोन तिच्या बोटांत थरथरला.

ती शीतकपाटांच्या मागे जाऊन वाचू लागली. वेसचा निरोप : 'पेकन महाग आहेत. अक्रोड चालले असते.'

तिने फोन खिशात ठेवला. परत काढला. ग्लेंडाने उत्तराबद्दल काही सांगितलं नव्हतं. उत्तर द्यायचं की नाही? ग्लेंडा देत असेल? न देण्याची तिला सोय असेल का? व्हर्नाने मागचे निरोप बघायला बोट नेलं आणि मागे घेतलं. कपाट पाहिलं ते पुरे होतं. तिने लिहिलं, 'बरं.' लगेच परत थरथर. 'बरं म्हणजे?' कपाटाची मोटर गुणगुणत होती, काचेमागे गोठलेले वाटाणे, मासे, आणि तिच्या काखेत घामाची धार. तो कुठल्यातरी घराच्या तळघरात गुडघे टेकून बसला असेल, शेजारी उघडी हत्यारांची पेटी, बूट वर दारात. आवाज न चढवता विचारतोय. आणि उत्तर चुकलं तर काय होतं हे तिला माहीत नव्हतं, आणि कदाचित काहीच होत नसेल, फक्त तो बघत जेवत असेल, पण या क्षणी त्याने रागावू नये एवढंच तिला हवं होतं. हे तिला स्वतःसाठी हवं होतं, ग्लेंडाचा विचारही तिच्या मनात उरला नव्हता. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा ती हादरली. तिने लिहिलं, 'बरं, पुढच्या वेळी अक्रोड घेईन.' क्षणभर काही नाही. मग एक हसरं पिवळं तोंड. लॉर्नने पाठवलं होतं तेच, तसंच. आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

मग दुपार सरकत गेली. दूध घेतलं, मोहरी घेतली, ग्लेंडाच्या सासूच्या गुडघ्यांचं मलम औषधांच्या काउंटरवरून घेतलं. दर टिंगला ती बाई थोडी अजून लांब जात होती. वेसचा पुन्हा निरोप आला नाही. वरच्या मजल्यावरून भाजल्या साखरेचा वास खाली यायला लागला. बाहेर अंधारून आलं, गाड्यांच्या टपांवर बारीक बर्फ साचला. वर्गातल्या बायका टार्टचे डबे घेऊन बोलत बोलत जिना उतरल्या आणि निघून गेल्या. हरवून सापडलेल्या वस्तूंच्या खणात तो फोन टाकायचा असं व्हर्नाने मघाशीच ठरवलं होतं, पण खणाशी सॅल बोलत उभा होता, मग एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. आणि दारातून वेस पिकरिंग आत आला. पायपुसण्यावर बूट नीट पुसून.

तो तिच्या काउंटरशी आला. आधी लॉर्नची तब्येत विचारली. मग म्हणाला, 'ग्लेंडा वर आहे का अजून? वर्ग सुटलेला दिसतो.'

'मला दिसली नाही,' व्हर्ना म्हणाली.

'इथेच आहे,' तो म्हणाला, आणि आपल्या फोनवरचा निळा ठिपका तिला दाखवला, मदत व्हावी म्हणून. मग त्याने नंबर लावला. व्हर्नाच्या एप्रनच्या खिशात घंटी वाजू लागली.

कुठल्यातरी नाचाची धून होती. दोघं ती ऐकत उभी राहिली. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने कुतूहलाने मान पुढे केली. व्हर्नाने फोन काढून काउंटरवर, दोघांच्या मधे ठेवला. तो वाजायचा थांबला.

'तिने माझ्याकडे ठेवायला दिला होता,' ती म्हणाली. 'सामान सगळं आहे. मी बाजूला ठेवलंय.'

वेसने फोन उचलला नाही. ती त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होती, तो नव्हता. तो हिशेब जुळवत असल्यासारखा दिसत होता. 'पेकन तुम्ही घेतलेत,' तो म्हणाला.

'हो.'

'आणि पुढच्या वेळी अक्रोड घेईन, तेही तुम्हीच.'

'हो.'

'तरीच,' तो हळूच म्हणाला. 'ती इतकं नीट उत्तर देत नाही.'

मागच्या बाईने दुसरी रांग धरली. वेस बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिला, काही येईल अशी वाट बघितल्यासारखा. मग त्याने विचारलं, 'काय सांगितलं तिने माझ्याबद्दल?'

व्हर्नाने दुपारचं सगळं आठवून बघितलं. मोजे. बरं. बघत जेवतो. यातलं काही असं नव्हतं, जे बोलून दाखवलं तर त्याला आपल्याबद्दल काही कळलं असतं. त्याला हे सगळं माहीतच होतं, आणि त्यात त्याला वावगं दिसत नव्हतं. 'काहीच नाही,' ती म्हणाली.

त्याचा चेहरा तेव्हा मात्र हलला. एखादी तक्रार असती तर ती त्याने दुरुस्त केली असती, हे तिला दिसलं. त्याने फोन खिशात ठेवला, सामानाची गाडी ओढून घेतली, दूध, लोणी, पेकन, त्याच्या आईचं मलम, आणि सवयीने म्हणाला, 'आभारी आहे, मिसेस बोयको.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच सॅलला सगळं सांगितलं. सॅलने दार लावून घेतलं, कपाळ चोळलं, आणि म्हणाला, हे मी ऐकलेलं नाही. नाताळपर्यंत त्याने तिला काउंटरवरून काढून पावांच्या भागात पाठवलं. मारिसाला सांगितलं, मनगट दुखतंय. उरलेल्या दुकानांतही यंत्रं ठरल्या दिवशी सुरू झाली. व्हर्नाचा तो फोटो बिनबोभाट सगळ्या दुकानांत लागला. लॉर्नला तिने त्या गुरुवारी रात्रीच सांगून आपल्या फोनची जोडणी तोडायला लावली. तो दुखावला. 'मी काय वेस आहे का?' म्हणाला. ती म्हणाली, 'नाहीस. म्हणूनच तुला सांगता येतंय.' त्याने जोडणी तोडली, पण नंतर कितीतरी दिवस तो खिडकीशी बसून काहीतरी हरवल्यासारखा फोन उलटसुलट करत असे, आणि त्याच्याकडे बघून तिचा जीव तुटत असे. मार्चमध्ये सॅलकडून कळलं, की पोलीस वेसला सांगून गेले : बायको सुखरूप आहे, पत्ता कळवायची तिची इच्छा नाही. याहून जास्त कुणालाच कधी कळलं नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी काम संपवून व्हर्ना बाहेर पडली तेव्हा वाहनतळावर वेसची गाडी उभी होती. दिवे चालू, इंजिन चालू, मागच्या खिडकीत सामान दिसत होतं. बस थांबा त्या गाडीच्या पलीकडे. ती डोकं खाली घालून निघाली. गाडीशी आली तशी काच खाली झाली.

'चला,' तो म्हणाला, 'तुमच्याच बाजूला चाललोय. सोडतो.'

'नको. बस येईल.'

'थंडी आहे, मिसेस बोयको.'

आवाजात नुसती काळजी होती. आणि नाही म्हणणं किती उद्धट वाटतं, किती कारण नसल्यासारखं, हे तिला पायापासून वरपर्यंत जाणवलं. हा माणूस आपल्या तळघरात गुडघे टेकून बसला होता. याने पैसे घेतले नव्हते. तिचा हात दाराच्या कडीकडे जायला निघालासुद्धा होता. तो हात तिने दुसऱ्या हाताने धरला.

'असू दे थंडी,' ती म्हणाली आणि चालायला लागली.

थांब्यावर ती थांबली नाही. पुढच्या थांब्याकडे निघाली, मग त्याच्याही पुढच्या. रस्त्याच्या कडेचा बर्फ बुटांखाली करकरत होता. मागे एक गाडी हळू येत होती. तिच्या दिव्यांत व्हर्नाची सावली लांब होऊन फुटपाथवर पुढे पडली होती. गाडी त्याची होती की दुसऱ्या कुणाची, हे तिने वळून पाहिलं नाही. ग्लेंडा आत्ता कुठल्या रस्त्याला असेल, एखाद्या बसच्या खिडकीशी बसली असेल का, झोपली असेल का, असं काहीतरी मनात उमटायला लागलं, तसं तिने ते घाईने पुसून टाकलं. नुसता विचार जरी केला, तरी कुठेतरी कुणाच्या तरी खिशात वाजेल, असं तिला वाटत होतं.